सोलापुरात धिंगरी अळिंबीचे दांडे लांब का होतात आणि पिशव्या हिरव्या का पडतात?

तुमचा प्रश्न असा: ज्वारीच्या कडब्याच्या कुट्टीवर धिंगरी (ऑयस्टर मशरूम) लावली, पिशव्या छान पांढऱ्या झाल्या, पण नंतर दांडे लांबच लांब आणि टोप्या बोराएवढ्या आल्या, चारेक पिशव्या हिरव्याही पडल्या. बियाणं (धान्यावर वाढवलेली बुरशी) खराब होतं का? पिशव्या पांढऱ्या झाल्या म्हणजे बियाणं जिवंत होतं. दोन्ही तक्रारींची कारणं मात्र वेगवेगळी आहेत.

दांडे लांबले कारण खोलीत कार्बन डायऑक्साइड साचला. धिंगरी मुळात मेलेल्या लाकडावर येणारी बुरशी. टोपीखालच्या पापुद्र्यांतून तिला बीजाणू (बुरशीचं धुळीसारखं बारीक बी) वाऱ्यावर सोडायचे असतात, म्हणून मोकळी हवा लागेपर्यंत ती दांडा वाढवत राहते. सोलापुरात हे हमखास होतं, कारण बाहेरची कोरडी हवा आत नको म्हणून आपण खिडक्या घट्ट लावून घेतो. ओल टिकते, पण बुरशीने सोडलेला वायूही आतच कोंडतो. यावर उपाय वेळ साधण्याचा. पहाटे आणि रात्री उशिरा हवा गार असते, त्यामुळे तेवढ्याच बाष्पात आर्द्रतेचा आकडा वर जातो. तेव्हा समोरासमोरच्या खिडक्यांना ओलं गोणपाट लावून अर्धा-पाऊण तास उघड्या ठेवा, दुपारी बंद. आर्द्रता ८० ते ९० टक्के हवी. पाणी भिंतींवर आणि जमिनीवर मारा. टोप्यांवर पाणी साचलं की त्या पिवळ्या पडून सडतात. दिवसा पेपर वाचता येईल एवढा उजेडही लागतो.

हिरवा रंग ट्रायकोडर्माचा. पिकांच्या मर रोगासाठी जी ट्रायकोडर्मा पावडर शेणखतात मिसळतो त्याच कुळातली ही बुरशी, त्यामुळे ती पावडर हाताळता त्या शेडमध्ये पिशव्या भरू नका. कुट्टी नीट तापली नसेल किंवा जास्त ओली राहिली असेल तर ही हिरवी बुरशी धिंगरीच्या आधी जागा धरते. कडब्याची गोम अशी की कांडीच्या आत भेंड असतं. ते पाणी पितं आणि सोडत नाही. म्हणून तुकडे ३ ते ५ सेंमीचेच करा, रात्रभर भिजवा, मग ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा. हा तास पाणी ८० ला पोचल्यावर मोजायचा. निथळून मूठ घट्ट दाबा: दोन-चार थेंब यावेत, धार नको. तेव्हा ओलावा साधारण ६५ टक्के असतो, म्हणजे १० किलो कोरड्या कुट्टीचं वजन २८ किलोच्या आसपास भरतं. त्याला ६०० ते ८०० ग्रॅम बियाणं लावा. बियाण्यात कंजूषी केली की हिरव्याचं फावतं.

कोंडा, युरिया काही घालू नका. लाकडात नत्र फार कमी, म्हणून धिंगरी सूत्रकृमींना (डोळ्यांना न दिसणाऱ्या दोऱ्यासारख्या कृमींना) विषारी थेंबांनी लुळं करून त्यांच्यातून नत्र घेते. डाळिंबवाल्यांचा छळ करणारे सूत्रकृमी हिच्यापुढे खाद्य! अशा बुरशीला आपण खुराक द्यायला गेलो तर तो ट्रायकोडर्माच खातो.

पिशव्या एकमेकींना चिकटवून रचल्या असतील तर तेही बघा. वाढताना बुरशी स्वतः उष्णता सोडते, त्यामुळे पिशवीचं पोट खोलीपेक्षा दोन-चार अंश गरम असतं. मधे चार बोटं अंतर ठेवा. हिरवा डाग दिसताच पिशवी न फाडता बाहेर न्या. तो रंग बीजाणूंचाच असतो, आत झटकलात तर सगळी खोली पेरलीत.

हंगामाचं म्हणाल तर इथे धिंगरी जुलै ते फेब्रुवारी. मार्चनंतर पंखे-कूलर लावून तिला ओढत नेण्यात मला शहाणपण दिसत नाही. तेव्हा ३० ते ३५ अंशांत येणारी दुधी अळिंबी घ्या. तिला पिशवी पांढरी झाल्यावर वरून २ ते ३ सेंमी वाफवलेल्या मातीचा थर द्यावा लागतो. मे महिन्यात बाहेर ४२ असताना तिलाही ओल्या गोणपाटाचा आडोसा लागेल.

सगळं जमलं तर किलोभर कोरड्या कुट्टीमागे तीन तोड्यांत मिळून ५०० ते ७०० ग्रॅम ताजी धिंगरी धरा. टोपीची कड वर वळायच्या आत तोडा, उशीर झाला तर बीजाणूंचा धुरळा उडतो आणि खोकला लागतो. तोडताना तोंडाला मास्क बांधाच.