कीबोर्डवर संबळ: ड्रम किट पट्टीपट्टीने बांधा

तू मला काका म्हणून विचारलंस, म्हणून अरे-तुरेच करतो. तुझ्या तीन अडचणी आहेत. नवरात्रात गोंधळाची गाणी वाजवताना कीबोर्डवरचं संबळ प्लास्टिकच्या डब्यासारखं लागतं. ओपन हायहॅट (ड्रमसेटमधल्या जोडझांजा, उघड्या) वाजवून क्लोज (मिटलेल्या) दाबलं तरी मागे छन्‌छन् चालूच राहतं. आणि घरी हेडफोनवर दणदणीत वाटणारा किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, परभणीच्या मांडवात ऐकूच येत नाही.

तिन्हींचं मूळ एकच आहे. तू किटला, म्हणजे पट्ट्यांवर मांडलेल्या ड्रमच्या आवाजांच्या संचाला, एकच आवाज समजून एडिट करतोयस. हार्मोनियमच्या टोनला फिल्टर लावला की सगळ्या पट्ट्यांना लागतो, आणि तिथे तेच हवं असतं. किटमध्ये प्रत्येक पट्टी म्हणजे वेगळं वाद्य. तिचं लेव्हल, ट्यूनिंग, पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे), डिके (आवाज विरायला लागणारा वेळ), रिव्हर्ब (घुमारा) सगळं तिचं स्वतःचं. तू अख्ख्या किटच्या फिल्टरचा कटऑफ वाढवलास, तेव्हा संबळ थोडं उघडलं पण हायहॅट कानाला टोचायला लागलं, ते यामुळेच.

आधी फॅक्टरी किट यूजर किटमध्ये कॉपी कर आणि त्याच्यावरच काम कर. कुठल्या पट्टीवर कुठला ड्रम ही मांडणी १९९१ पासून जनरल मिडी या कीबोर्डांच्या सामाईक मानकात ठरलेली आहे, त्यामुळे बहुतेक कीबोर्डवर सारखीच सापडते. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डची सगळ्यात डावीकडची पांढरी एक म्हणजे नोट ३६ (मिडीत प्रत्येक पट्टीला असा नंबर असतो), तो किक. पांढरी दोन स्नेअर, ३८. काळी तीन, चार आणि पाच हे क्लोज, पेडल आणि ओपन हायहॅट, म्हणजे ४२, ४४, ४६. पट्टीच्या नावावर जाऊ नकोस, नंबरवर जा. त्याच ३६ ला यामाहा सी१ म्हणतं आणि रोलँड सी२. व्हिडिओत सांगितलेली पट्टी तुझ्याकडे सापडत नाही, ती याच घोळामुळे.

हायहॅटचं काम दोन मिनिटांचं. त्या तिन्ही काळ्या पट्ट्यांना एकच म्यूट ग्रुप दे. काही कीबोर्डवर त्याला अल्टरनेट ग्रुप म्हणतात. एका ग्रुपमधली नवी पट्टी दाबली की आधीचीचा आवाज तुटतो. तू ओपनच्या जागी दुसरा आवाज आणून बसवलास, तेव्हा ग्रुप शून्य, म्हणजे कुठलाच नाही, असा झाला असणार.

किकचं म्हणशील तर मांडवातले १२-१५ इंची स्पीकर, सोबत सब (खालच्या आवाजांचा वेगळा स्पीकर) नसेल तर, ५० हर्ट्झच्या खालचं जवळपास देतच नाहीत. हेडफोन देतो. म्हणून किक दोन-तीन सूर वर चढव, डिके कमी कर आणि रिव्हर्ब सेंड (त्या पट्टीला किती रिव्हर्ब लावायचा तो आकडा) शून्यावर आण. पत्र्याच्या मंगल कार्यालयात घुमारा आधीच इतका असतो की आपण वरून घातलेला रिव्हर्ब फक्त चिखल करतो. घरी ऐकताना तो किक कोरडा, बारका वाटेल. वाटू दे.

आता संबळ. मला मनापासून बोलायचंय ते याच्यावर. तू टॉम (ड्रमसेटमधला घुमणारा ड्रम) सुरात वर चढवून संबळ केलंस. टॉमचा घुमारा लांब असतो आणि चामड्यावर काठी आदळल्याचा तो पहिला कडक घाव त्याच्यात नसतो. तो घाव नसलेला आवाज ऐकून आमच्या धाराशिव-तुळजापूर भागातलं लेकरूसुद्धा म्हणेल, हे संबळ नाही. तुझ्या कीबोर्डमध्ये बाहेरचं सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज, घेण्याची सोय असेल तर खरं संबळच रेकॉर्ड कर.

मी केलं तेव्हा ओळखीच्या एका गोंधळ्यांकडे गेलो होतो. पहिल्यांदा देवळाच्या सभामंडपात घेतलं आणि फसलो. प्रत्येक ठोक्याला मंडपाचा घुमारा चिकटून आला, तो काही केल्या काढता येत नाही. मग कापणी झालेल्या मोकळ्या रानात बसलो. त्यांनी आधी दोऱ्या ताणून घेतल्या, काठीने दोनदा बघितलं, मान हलवली आणि मग म्हणाले, "आता घे." लहान आणि मोठं, दोन्हींवर मधोमध आणि कडेला, हलका, मध्यम, जोराचा, प्रत्येकी तीन-तीन ठोके घेतले. दर ठोका पूर्ण विरेपर्यंत थांबायचं. ही घाई करू नकोस. फोनवर घेणार असशील तर आवाज आपोआप कमीजास्त करणारं सेटिंग बंद कर, नाहीतर फोन जोराचा ठोका दाबतो, हलका उचलतो आणि दोन्ही एकाच उंचीचे होतात.

कापताना सगळं लक्ष सुरुवातीवर ठेव. १२० टेंपोला एका ठोक्याचे चार भाग केले तर एक भाग १२५ मिलिसेकंदांचा होतो. सॅम्पलच्या आधी ३० मिलिसेकंदांची शांतता राहिली तर तू कितीही तयारीचा असलास तरी गाणं मागे ओढल्यासारखं वाटणार. लाट जिथे उठते तिथेच काप, पण घावाचा पहिला कण तोडू नकोस.

बसवायला तिसऱ्या सप्तकातले कोंगा, टिंबाले आणि अगोगो मोकळे समज. आपल्या गाण्यांत ते फारसे लागत नाहीत. मी मोठं ६२ आणि ६४ वर ठेवतो, लहान ६५ आणि ६७ वर. एकच आवाज दोन पट्ट्यांवर कशाला, तर एकाच पट्टीवर भरभर वाजवलं की तेच सॅम्पल पुन्हापुन्हा येतं आणि मशीनगन वाटते. दोन पट्ट्यांवर दोन वेगळे ठोके बसव, ट्यूनिंगमध्ये सहा-आठ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक ठेव आणि दोन बोटांनी वाजव. जिवंतपणा तिथून येतो. व्हेलॉसिटीला, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्या १ ते १२७ च्या आकड्याला, ७० च्या खाली हलका ठोका, १०५ च्या वर जोराचा, मध्ये मध्यम. हे आकडे माझ्या बोटांचे आहेत, तू तुझ्या बोटांप्रमाणे सरकव.

सॅम्पलची सोय नसेल तर लहानासाठी हाय टिंबाले वर चढवून डिके आखूड कर आणि मोठ्यासाठी फ्लोअर टॉम थोडा वर घे. गोंधळी ओळखेल, पण गाणं निभेल. हलगीलाही हीच रीत, फक्त ती शेकून चढलेली असतानाच रेकॉर्ड कर. थंड हलगी नंतर मशीनवर चढवली की सूर वर जातो, ठोका आखूड होतो आणि चामड्याचा ताण काही येत नाही.

पॅनबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. एका लग्नात माझे फ्लोअर टॉम आणि क्रॅश अख्खा कार्यक्रमभर ऐकूच गेले नाहीत. मिक्सरपर्यंत फक्त डावीकडची वायर चालू होती आणि मी ते आवाज पार उजवीकडे ठेवले होते. तेव्हापासून मांडवाच्या किटमध्ये सगळं मध्यावर.

आणि दर दहा मिनिटांनी सेव्ह कर. आपल्याकडची लाइट सांगून जात नाही, आणि बहुतेक मशीनवर सेव्ह न केलेलं किट लाइटीबरोबरच जातं. पूर्ण झालं की पेनड्राइव्हवर एक प्रत ठेव.

तुझ्या कीबोर्डचं मॉडेल कळव, म्हणजे म्यूट ग्रुप कुठल्या पानावर आहे ते बघून सांगतो.