वसंतासाठी घर सजवताना

नवीन काही आणण्याआधी आहे त्यातलं थोडं उचलून ठेवा. पहिल्यांदा सजवणारे बहुतेक जण उलट करतात, आणि मग घर उजळण्याऐवजी नुसतं भरतं. जाड पडदे काढून पातळ सुती लावा, खिडकीच्या काचा पुसा. निम्मं काम इथेच होतं.

मग फुलं. मोठ्या गुच्छापेक्षा उंच काचेच्या बरणीतली कळ्यांची एकच फांदी मला जास्त आवडते, कारण ती रोज थोडी थोडी उमलताना बघायला मिळते. देठ तिरका कापा. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, नाहीतर ती कुजून पाणी खराब करतात. दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि देठाचं टोक जरासं छाटा. फुलदाणी फळांच्या टोपलीशेजारी मात्र ठेवू नका: पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने फुलं लवकर कोमेजतात. डॅफोडिल आणि ट्युलिप एकत्र हवे असतील तर ताजे कापलेले डॅफोडिल आधी काही तास वेगळ्या पाण्यात ठेवा आणि नंतर त्यांचे देठ पुन्हा कापू नका. त्यांचा चिकट रस ट्युलिपला बाधतो.

रंग दोनच धरा, पांढरा आणि कोवळा हिरवा. उशांचे अभ्रे तेवढे बदला. टेबल अर्धं मोकळंच राहू द्या.