नवीन घोडी घेतली आहे, खुराला वास येतो आणि ती मधूनच लंगडते. पायांची काळजी कशी घ्यावी?

कराडजवळ घोडी बांधली आहे आणि हा तिचा तुमच्याकडचा पहिलाच पावसाळा, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे वाईला वडिलांच्या वेळेपासून घोडी आहेत, त्यावरून सांगतो.

वास येतोय म्हणजे बहुतेक खूर कुजतोय. तळव्याच्या मधोमध त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो. त्याच्या बाजूच्या खाचांत लीद-चिखल अडकतो, हवा लागत नाही आणि काळा, घाण वासाचा चिकटा सुटतो. औषधाच्या आधी बांधायची जागा बघा. खाली मूत साचत असेल तर काहीही लावा, पुन्हा तेच होणार. जमिनीला उतार द्या, ओलं रोज काढा, कोरडा भुसा टाका. खूर दोन वेळा आकड्याने टाचेकडून पुढे कोरा, घासा, कोरडा करा, मग पोव्हिडोन आयोडीन लावा. पण नुसत्या वरवरच्या कुजीने घोडी सहसा लंगडत नाही. ती लंगडतेय, तेव्हा डॉक्टरांना दाखवाच.

कुठला पाय दुखतोय हे कळायला तिला कडक जमिनीवर दुडक्या चालीने सरळ न्या. पुढचा दुखरा पाय टेकताना ती डोकं वर उचलते.

खरारा करताना चारही पायांवरून रोज तळहात फिरवा. निरोगी पाय हाताला कसा लागतो हे एकदा ओळखीचं झालं की बिघाड लवकर कळतो. पायामागची दोरीसारखी शीर (कंडरा) गरम, फुगलेली लागली तर काम बंद, त्यावर 20 मिनिटं थंड पाण्याची धार आणि डॉक्टर. सूज उतरली म्हणून लगेच जुंपू नका, शीर भरायला महिने जातात. एका पायावर अचानक भारच देईना, तर बहुतेक वेळा खुरात पू झालेला असतो किंवा खिळा गेलेला असतो. खिळा दिसला आणि डॉक्टर लगेच येणार असतील, तर ते येईपर्यंत उपटू नका, तो किती आत गेलाय हे त्यांना बघू द्या. धनुर्वाताची लस आधीच टोचून ठेवा. घोड्याला हा रोग फार सहज होतो.

मला खरी धास्ती वाटते ती दोन्ही पुढचे खूर एकदम गरम होण्याची. घोडी भरावी म्हणून लोक हरभरा आणि गूळ वाढवत नेतात, किंवा ती सुटून धान्याच्या पोत्यावर ताव मारते. व्यालेल्या घोडीची वार अडकली तरी हे होतं. ती पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेते, वळायला नको म्हणते, घोट्याजवळची नाडी जोरात उडते. लोक म्हणतात अखडली आहे, फिरवा. कृपा करून फिरवू नका! आतलं हाड खुराच्या भिंतीला धरून ठेवणारे पापुद्रे सुजलेले असतात. चालवलं की ते सुटू शकतात आणि हाड तळव्याकडे उतरलं, तर घोडी कायमची निकामी होऊ शकते. दाणा बंद करा, वाळलं गवत चालू ठेवा, खाली जाड मऊ अंथरूण घाला, खूर बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि त्याच वेळी डॉक्टरांना बोलवा. 1962 या जनावरांच्या डॉक्टरी मदतीच्या सरकारी नंबरवर फोन लावा. गावात घोड्याचं बघणारं कोणी नसेल तर आपल्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गायी-म्हशींचं उरलेलं इंजेक्शन मात्र देऊ नका.

नालबंद दर 6 ते 8 आठवड्यांनी आलाच पाहिजे. नाल झिजली नसली तरी खूर महिन्याला 6 ते 10 मिलिमीटर वाढतो आणि पायाचा तोल बदलतो. या खेपेला जुनी नाल काढल्यावर लगेच नवी ठोकायला लावू नका, आधी तळवा डॉक्टरांना बघू द्या.