अमोनियाचं प्रशिक्षण: सह्या झाल्या, पुढे काय?

प्रश्न: आमचं पॅकहाऊस पिंपळगाव बसवंतजवळ आहे. द्राक्षाच्या हंगामात पॅकिंगला साठेक बाया असतात, मी त्यांची सुपरवायझर. शेजारीच कोल्ड स्टोरेजचा अमोनिया प्लँट. मध्यंतरी एक जण येऊन तासभर हिंदीतून स्लाइड दाखवून गेला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मालकांनी दोन बीए सेट (पाठीवर हवेचा सिलिंडर, चेहऱ्यावर मास्क) आणलेत, ते ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद. एवढं पुरे आहे का?

उत्तर: ताई, नाही. सह्यांनी फाइल भरते. मी खत कारखान्यात सेफ्टीचं काम केलंय, म्हणून स्पष्ट सांगतो.

तुमच्या बायांना आणि प्लँट ऑपरेटरांना एकच धडा देऊन चालत नाही. बायांनी शिकायचं ते निघून जाणं. वास आला की हातातली पेटी तिथेच ठेवायची, चप्पल-डबा शोधायचा नाही, वाऱ्याला आडवं चालत बाहेर पडायचं. त्यासाठी छपरावर वारा दाखवणारी पिशवी हवी, रात्रपाळीला दिसेल अशी. ‘अमोनिया हलका, वर जातो, खाली बसा’ असं कुणी सांगेल. ऐकू नका. द्रव अमोनिया उणे 33 अंशांना उकळतो; गळाला की गारठ्याने पांढरं धुकं होतं आणि ते जमिनीलगत पसरतं. ओढणी भिजवून नाकातोंडावर धरा, हा वायू पाण्यात चटकन विरघळतो. पण ती बाहेर पडण्यापुरती. हजेरीचं रजिस्टर घेऊन तुम्ही गेटबाहेर नावं वाचायची. एक नाव कमी भरलं तर ऑपरेटरला सांगायचं. कितीही जीव तुटला तरी कुणीही आत धावायचं नाही.

आता ऑपरेटर. सेट कपाटातून काढून कॉम्प्रेसर रूमच्या बाहेर, हाताशी टांगायला लावा. सहा लिटरचा, 300 बारचा सिलिंडर कागदावर 45 मिनिटांचा. घाबरलेला, धापा टाकणारा माणूस तो निम्म्या वेळातही संपवतो. हवा संपत आल्याची सेटची शिट्टी वाजली की काम अर्धवट सोडून मागे फिरायचं, हे अंगवळणी पडायला हवं. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, म्हणून ऑपरेटरांना रोज दाढी करायला सांगा. आम्ही मास्कच्या काचेवर वर्तमानपत्र चिकटवायचो आणि माणसाला पाइपावर हात ठेवून रिसीव्हरच्या, म्हणजे द्रव अमोनियाच्या टाकीच्या, किंग वॉल्व्हपर्यंत (टाकीतून अमोनिया बाहेर जाणं बंद करणारा मुख्य वॉल्व्ह) जायला लावायचो. पहिल्या खेपेला भलेभले चुकीच्या वॉल्व्हशी थांबतात. ती चूक सरावातच व्हावी. आत जायचं ते दोघांनी, आणि बाहेर सेट घालून आणखी दोघं तयार. म्हणजे तुमचे दोन सेट अपुरे आहेत, चार मागा.

डिसेंबर 2020 मध्ये उत्तर प्रदेशात फुलपूरच्या खत कारखान्यात अमोनिया गळाला, दोन अधिकारी दगावले. तिथली माणसं रोज याच वायूजवळ वावरणारी होती. तुमच्याकडे हंगामापुरत्या आलेल्या बाया आहेत.

साचलेल्या द्रवावर पाणी मारू नये, तो आणखी उसळतो. फवारा मारायचा तो धुक्यावर. डोळ्यांत गेला तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं, त्यासाठी नळ दाराशीच हवा. 112 लावताना ‘अमोनिया’ हा शब्द आधी सांगायचा.

मालक ऐकत नसतील तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नाशिक कार्यालयात लेखी अर्ज द्या. आणि ड्रिल मराठीतच घ्या, रात्रपाळीतही घ्या. नवी टोळी आली की पहिल्याच दिवशी परत.