तुमचे प्रश्न: गॅप शून्य केला तरी खट्ट का येतो?

प्रश्न: एका लाइव्ह कार्यक्रमाचं ७० मिनिटांचं सलग रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. त्याचे १४ तुकडे केले, एमपी३ बनवल्या आणि ऑडिओ सीडी बर्न केली. आधी दोन ट्रॅकमधे टाळ्या तुटून २ सेकंद शांतता यायची. आता सेटिंगमधे गॅप ० केलाय, शांतता गेली पण बारीकसा खट्ट राहिलाच. काय चुकतंय?

उत्तर: सेटिंग तुम्ही बरोबर केलंय, उरलेला खट्ट बर्नरचा नाही, तुमच्या फायलींतला आहे. आधीची शांतता बहुतेक ट्रॅक-अ‍ॅट-वन्स पद्धतीमुळे येत होती, त्यात प्रत्येक ट्रॅक झाला की लेझर थांबतो आणि मधे साधारण २ सेकंदांची मोकळी जागा पडते, म्हणून असल्या सीडीला कायम डिस्क-अ‍ॅट-वन्स, म्हणजे मधे न थांबता सगळी सीडी एका दमात लिहिणारी पद्धत, निवडायचं. पहिल्या ट्रॅकच्या आधीचे २ सेकंद मात्र राहतातच, ते स्टँडर्डमधेच आहेत आणि प्लेअर ते गाळून सुरू करतो, त्यामुळे त्यांची काळजी नको.

आता खट्टाचं. एमपी३ मधे आवाज ११५२ सॅम्पलच्या (सॅम्पल म्हणजे आवाजाची एकेक मोजणी) फ्रेममधे, म्हणजे ठरावीक मापाच्या कप्प्यांत, भरला जातो आणि तुमचा तुकडा त्यात नेमका बसत नाही, मग एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारं सॉफ्टवेअर, पुढेमागे रिकामी सॅम्पल भरतो. काही एन्कोडर किती भरली ते फायलीत लिहून ठेवतात, पण ते वाचून तेवढा भाग काढणं बर्निंगच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून, आणि सगळी ते करत नाहीत. गाणं संपून शांत होत असेल तर हे कळतही नाही, पण टाळ्यांसारखा भरलेला सलग आवाज असला की २०-३० मिलिसेकंदांचं भोकसुद्धा कानाला लागतं. त्यामुळे एमपी३ सोडा, मूळ रेकॉर्डिंगवरून ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह (.wav, आवाज न दाबता ठेवणाऱ्या) फायली करा.

तरी एक गोष्ट उरतेच आणि इथेच बरेचजण अडकतात. ऑडिओ सीडीचे फ्रेम एमपी३पेक्षा वेगळे, एका सेकंदाचे ७५ असतात, प्रत्येकात ५८८ सॅम्पल. तुम्ही फ्रेमच्या मधेच कापलंत तर बाकीचा फ्रेम शून्यांनी भरला जातो आणि परत खट्ट. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमधे सिलेक्शनचा फॉरमॅट सीडीडीए (ऑडिओ सीडी) फ्रेमवर ठेवा, स्नॅप चालू करा, मग प्रत्येक कट फ्रेमच्या कडेवरच पडतो.

मला विचाराल तर कापूच नका. ७० मिनिटांची एकच वेव्ह ठेवा आणि सोबत क्यू फाइल लिहा, साध्या नोटपॅडमधे होते. प्रत्येक ट्रॅक कुठे सुरू होतो तेवढं त्यात मिनिट, सेकंद, फ्रेम असं लिहायचं, उदाहरणार्थ ०४:३२:७४, आणि शेवटचा आकडा ० ते ७४ मधलाच, शंभरचा हिशोब नाही हे नीट लक्षात ठेवा कारण चूक तिथेच होते. इमेजबर्न हे बर्निंगचं सॉफ्टवेअर अशी फाइल थेट घेतं. आवाज कुठेच तुटलेला नसतो, नुसत्या खुणा असतात. आधी सीडी-आरडब्ल्यूवर (पुसून परत लिहिता येणाऱ्या सीडीवर) करून बघा, हेडफोन लावून फक्त सांधे ऐका, प्रत्येक ट्रॅकचे शेवटचे ५ सेकंद.

प्रश्न: मला उलटं हवंय. डान्सच्या प्रॅक्टिससाठी काही गाण्यांनंतर ५ सेकंद, काहींनंतर १० सेकंद शांतता पाहिजे. गॅप तसा सेट केला पण गाणं नंबर दाबून लावलं की शांतता न येता थेट सुरू होतं.

उत्तर: बरोबर आहे, गॅप पुढच्या ट्रॅकच्या आधी बसतो आणि नंबर दाबला की प्लेअर तो ओलांडून थेट गाण्यावर उडी मारतो. सलग वाजवताना बघा, बऱ्याच प्लेअरच्या डिस्प्लेवर तेवढा वेळ उलटे आकडे मोजताना दिसतात. तुम्हाला कुठूनही लावलं तरी शांतता हवी असेल तर ती गाण्याच्या फायलीतच टाका. ऑडॅसिटीत कर्सर पुढच्या गाण्याच्या सुरुवातीला ठेवून जनरेट मेन्यूतून सायलेन्स घ्या, ५ किंवा १० सेकंद लिहा, आणि बर्न करताना गॅप ० ठेवा नाहीतर त्यात अजून २ सेकंद वाढतील आणि तुमची मोजणी चुकेल.