मुलगी मराठी शाळेत नववीत आहे, लांब उडीत साडेचार मीटर मारून तालुक्यात पहिली आली. बेळगाव जिल्ह्यात राहून ती देशासाठी खेळू शकेल, की महाराष्ट्रात पाठवावं?

मराठी शाळेतल्या पोरीला इथं डावलतील, ही भीती तुमच्या प्रश्नात स्पष्ट दिसते, म्हणून लिहायला बसलो. याच मुद्द्यावरून माझं आणि थोरल्या भावाचं अजून पटत नाही.

पुतणी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत होती. शाळेमागं तांबड्या मातीत खड्डा खणून नदीची वाळू टाकलेली. पोरगी अनवाणी पळायची. धाव कुठून घ्यायची ते पावलं मोजून ठरवायचं आणि खुणेला चप्पल ठेवायची. तालुका जिंकली, जिल्हा जिंकली. विभागीय स्पर्धा सिंथेटिक ट्रॅकवर होती. कुणाचे तरी स्पाइक, म्हणजे खिळ्यांचे बूट, मागून घेतले आणि धावेचं अंतर मात्र गावातलंच ठेवलं. तिन्ही उड्यांना लाल निशाण, म्हणजे फाउल: उडी घ्यायच्या फळीच्या पुढं पाय गेला! मी फळीच्या कडेलाच उभा होतो. फळीपुढच्या प्लॅस्टिसिनच्या मऊ पट्टीवर बुटाचा ठसा स्वच्छ उमटलेला. दादा म्हणाला, "मराठी म्हणून काढलं पोरीला." त्यानंतर तिचं मैदान बंद झालं ते कायमचं.

मातीत अनवाणी पळणाऱ्या पोरीचं पाऊल ट्रॅकवर स्पाइक घालून लांब पडतं. पावलाला दोन बोटं वाढली तरी पंधरा-सोळा पावलांत दीड-दोन फूट होतात, आणि फळी असते जेमतेम 20 सेंटीमीटरची. स्पर्धा संपल्यावर धारवाडकडचे एक कोच आपणहून आले. "टेप हिडीरी" (टेप धरा) म्हणत एक टोक माझ्या हातात दिलं, तिला दोन-तीनदा पळवलं, खूण मागं घेतली आणि पाय बरोबर फळीवर बसला. त्यांचं कन्नड तिला अर्धंच कळत होतं. दादा तेव्हा गेटाबाहेर जीपपाशी उभा राहून अधिकाऱ्यांना शिव्या देत होता. आत येऊन बघितलं असतं तर पोरगी आज कुठं असती!

सीमाप्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. 1 नोव्हेंबरला काळ्या दिवसाच्या फेरीत मी असतोच. पण फाउल तो फाउल, त्याला भाषा नसते.

आता तुमचं. महाराष्ट्रात पाठवायची काही गरज नाही. लांब उडीचं चांगलं काम आज कर्नाटकातच चाललंय. अंजू बॉबी जॉर्ज केरळची, पण अकादमी काढली बेंगळुरात. 2003 मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत 6.70 मीटर उडी मारून तिनं कांस्य आणलं, ॲथलेटिक्सच्या जागतिक स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक. शैली सिंग झाशीची, आई शिवणकाम करायची. लहान वयात याच अकादमीत आली आणि 2021 मध्ये नैरोबीला 20 वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत 6.59 मीटरवर रौप्य घेतलं. सोनं एका सेंटीमीटरनं हुकलं. जेस्विन ऑल्ड्रिननं 2023 मध्ये 8.42 मीटर मारली ती बळ्ळारी जिल्ह्यात. झाशीची माणसं पोरीला बेंगळुरात आणतात, आणि आपल्याला राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये रात्री बसलं की सकाळी बेंगळूर!

तोवर शाळेच्या सरांकडून लांब टेप घेऊन धाव मोजा आणि वहीत लिहून ठेवा. मैदान बदललं की पुन्हा मोजा. तिची शंभर मीटरची वेळही घ्या, कारण उडीचं बळ धावेतूनच येतं. वेग नसेल तर नुसत्या उड्या मारून अंतर वाढत नाही. खड्डा आदल्या दिवशी कुदळीनं खणून घ्या, दगड वेचा, पाणी मारा. कडक वाळूत घोटा जातो. आणि जिल्ह्याच्या पुढं जायच्या आधी एकदा तरी सिंथेटिकवर, तिच्या स्वतःच्या स्पाइकमध्ये पळवा. मागून आणलेले स्पाइक नकोतच.

कन्नड बोलायला शिकवा, पुढं खेळासाठी हॉस्टेलमध्ये राहिली तर लागेल. शाळा सोडू देऊ नका. मुरली श्रीशंकरनं 2023 मध्ये 8.41 मीटर मारली आणि 2024 मध्ये गुडघ्याच्या दुखापतीनं त्याचं पॅरिस ऑलिम्पिक गेलं. एवढ्या मोठ्या खेळाडूचं हे होतं, तर पोरीच्या हाताशी दहावी-बारावी हवीच. रेल्वेत खेळाडूंची भरती असते, तिथंही शिक्षण विचारतात.

देशासाठी खेळेल का, हे साडेचार मीटरवरून कुणी सांगू शकत नाही. पण कुठं फाउल झाला तर आधी फळीपाशी जाऊन ठसा बघा, मग भांडा.