एनएफएसवर (नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावरच्या फाइली वापरायची सोय) ‘नोएसी’ (noac) हा पर्याय लावल्यापासून फोल्डर उघडायला उशीर का होतो?

‘नोएसी’ हेच कारण आहे. हा पर्याय फाइलचा आकार, बदलाची वेळ वगैरे माहिती क्लायंटच्या (फाइली मागणाऱ्या यंत्राच्या) कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, राहूच देत नाही. त्यामुळे यादी दाखवताना प्रत्येक फाइलची माहिती पुन्हा सर्व्हरला विचारावी लागते, आणि खरा फटका तिथेच बसतो. शिवाय प्रत्येक लेखन सर्व्हरवर पोहोचेपर्यंत प्रोग्रामला थांबावे लागते. लिनक्समध्ये ही माहिती एरवी फाइलसाठी 3 ते 60 आणि फोल्डरसाठी 30 ते 60 सेकंद जपली जाते.

नागपुरात आमच्या सीताबर्डीच्या कार्यालयात, स्कॅन केलेल्या सातबाऱ्यांच्या फोल्डरवर ‘एलएस -एल’ (तपशीलवार यादीची आज्ञा) दिले की पडदा बराच वेळ कोराच राहायचा; ‘नोएसी’ काढून ‘ॲक्टिमिओ=10’ (ही माहिती 10 सेकंद जपणारा पर्याय) ठेवल्यावर यादी चटकन येऊ लागली. नवी फाइल दुसऱ्या यंत्रावर काही सेकंद उशिरा दिसते, एवढेच. फाइल उघडताना क्लायंट सर्व्हरकडे खातरजमा करतोच, म्हणून लिहून बंद केलेली फाइल पुन्हा उघडल्यावर ताजीच मिळते. एकाच फाइलीत दोघे एकाच वेळी लिहीत असतील, तर मात्र लॉक (एका वेळी एकालाच लिहू देणारे कुलूप) अवश्य वापरावे.